खाते तुमचे, चोरी दुसऱ्याची, बेडी कुणाला?

सायबर गुन्हे म्हटले की आपल्यातील अनेकांना वाटते, हा पैसेवाल्यांचा प्रश्न आहे. ज्यांच्या लाखोंच्या ठेवी आहेत त्यांनी घाबरावे. बुद्धवाड्यात, भीमनगरात, झोपडपट्टीत राहणाऱ्यांचे चोर काय नेणार? हा समज आता सोडून द्यावा लागेल. केंद्रीय गृहखात्याने संसदेत दिलेल्या माहितीनुसार २०२४ या एका वर्षात सायबर फसवणुकीत देशातील लोकांचे सुमारे २२ हजार ८४५ कोटी रुपये गेले. आदल्या वर्षी हाच आकडा सुमारे ७ हजार ४६५ कोटी होता. एका वर्षात तिप्पट! एवढा पैसा हवेतून जात नाही. तो कुणाच्या तरी बँक खात्यातून जातो. आणि ते खाते फार वेळा बेरोजगार तरुणाचे, कॉलेजात शिकणाऱ्या पोराचे, बिगारीवर जाणाऱ्या मजुराचे किंवा धुणीभांडी करणाऱ्या बाईचे असते. चोर आपल्याकडून पैसा नेत नसेल, पण आपले नाव नेतो, अंगठा नेतो, आधार कार्ड नेतो आणि शेवटी आपल्या पोराला तुरुंगात पाठवतो. ही गोष्ट आपल्या सभा-संमेलनांत कुणी बोलत नाही, म्हणून येथे सविस्तर लिहिणे भाग आहे.

हा धंदा कसा चालतो? वस्तीतल्या नाक्यावर ओळखीचाच कुणी तरी येतो. म्हणतो, माझ्या कंपनीचा व्यवहार मोठा आहे, टॅक्सची अडचण आहे, तुझे खाते दोन महिने वापरायला दे, कमिशन मिळेल. पोराला नोकरी नाही, घरात बहिणीचे लग्न आहे किंवा बापाचे आजारपण आहे. तो पासबुक देतो, एटीएम कार्ड देतो, खात्याला जोडलेले सिमकार्डही देतो. हातात चार-पाच हजार पडतात. नंतर केव्हातरी हैदराबादच्या एखाद्या निवृत्त शिक्षकाचे किंवा लखनौच्या एखाद्या विधवेचे आयुष्यभराचे पैसे या खात्यात येतात आणि काही मिनिटांत पुढच्या दहा खात्यांत निघून जातात. तक्रार होते, पोलीस माग काढतात. त्या मागावरचे पहिले नाव कुणाचे? आपल्या पोराचे. ज्याने फोन केला तो कुठल्या राज्यात की कंबोडिया-म्यानमारच्या कुठल्या कोंडवाड्यात बसला आहे, हे कळायला वर्षे जातात. आपले पोर मात्र आठवड्यात सापडते, कारण त्याचा पत्ता आधार कार्डावर खरा असतो. पोलिसांच्या आणि बँकांच्या भाषेत अशा खात्याला ‘म्यूल अकाउंट’ म्हणतात. म्यूल म्हणजे खेचर. ओझे त्याने वाहायचे, माल दुसऱ्याचा, चाबूक तिसऱ्याचा. हजारो वर्षे गावाचे ओझे वाहिलेल्या समाजाला या शब्दाचा अर्थ वेगळा सांगायला नको.

‘मला माहीत नव्हते’ हे उत्तर पोलीस ठाण्यात पुरत नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ ड म्हणजे संगणकाच्या साहाय्याने तोतयेगिरी करून फसवणूक. त्याला तीन वर्षांपर्यंतची शिक्षा आहे. भारतीय न्याय संहितेतील फसवणुकीची कलमे वेगळी लागतात. गुन्हा सिद्ध होवो वा न होवो, खाते गोठते. त्याच खात्यात शिष्यवृत्ती यायची असेल तर तीही अडकते. सरकारी नोकरीसाठी पोलीस पडताळणी होते, तेव्हा हा गुन्हा कागदावर उभा राहतो. चार हजारांसाठी पोरगा आपली आरक्षणाची हक्काची जागा गमावून बसतो. आरक्षण वाचवण्यासाठी आपण मोर्चे काढतो आणि इकडे असे एकेक पोर त्या रांगेतून कायमचे बाहेर फेकले जाते.

दुसरा वर्ग आहे निवृत्त समाजबांधवांचा. रेल्वे, पोस्ट, एलआयसी, बँका, महापालिका यांतून निवृत्त झालेली आपली पहिली पगारदार पिढी. फंड आणि ग्रॅच्युइटीचे पैसे बँकेत आहेत, मुले पुण्या-बंगळुरूला आहेत. अशा माणसाला फोन येतो की तुमच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले. मग व्हिडिओवर खाकी वर्दीतला साहेब दिसतो, मागे अशोकचक्र दिसते, सुप्रीम कोर्टाच्या शिक्क्याचा कागद दिसतो आणि ‘तुम्हाला डिजिटल अटक झाली आहे, कॅमेऱ्यासमोरून हलू नका’ असे फर्मान सुटते. डिजिटल अटक नावाची कोणतीही गोष्ट भारताच्या कायद्यात नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये हे सांगितले, ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून या प्रकारांची दखल घेतली. तरीही सुशिक्षित माणसे फसतात. का फसतात? कारण ही फसवणूक लोभावर चालत नाही, भीतीवर चालते. ज्या समाजाने पिढ्यान्‌पिढ्या खाकीचा आणि पाटलाच्या चावडीचा धाक सोसला, ज्या भटक्या-विमुक्तांना इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने जन्मतःच गुन्हेगार ठरवले, त्यांच्या घरात ‘पोलीस आले’ हा शब्द आजही पोटात गोळा आणतो. पहिल्या पिढीत मिळवलेली इभ्रत एका फोनवर जाईल या भयाने माणूस शेजाऱ्यालाही सांगत नाही आणि मुकाट्याने पैसे पाठवतो. इलाज फार साधा आहे. फोन बंद करा आणि घरातल्या किंवा विहारातल्या कुणाला तरी लगेच सांगा. पैसे गेलेच असतील तर त्याच क्षणी १९३० या क्रमांकावर फोन करा. पहिल्या तासा-दोन तासांत तक्रार झाली तर पैसे पुढच्या खात्यात अडवता येतात. लाजेने दोन दिवस घालवले तर काहीही हाती लागत नाही.

कर्ज देणाऱ्या अॅपबद्दल थोडक्यात. ज्याला बँक दारात उभे करत नाही त्याला हे अॅप दहा मिनिटांत पाच हजार देते आणि त्या बदल्यात फोनमधील सगळे नंबर आणि फोटो उचलते. हप्ता चुकला की घरातल्या बाईचा फोटो विकृत करून नातेवाइकांना पाठवला जातो. सावकारीच आहे ही; चोपडी गेली, मोबाईल आला. अशा वेळी एक रुपयाही जास्त न भरता पोलीस ठाणे गाठावे.

आता आपल्यावर जो हल्ला जात म्हणून होतो त्याकडे वळू. यूट्यूबच्या पडद्यावर, फेसबुकच्या भिंतीवर, इन्स्टाग्रामच्या रीलखाली बाबासाहेबांविषयी आणि आपल्या माय-बहिणींविषयी जे लिहिले जाते ते कोणत्याही गावकुसाबाहेर ऐकावे लागले नसेल इतके गलिच्छ असते. पूर्वी शिवी चावडीवर दिली जायची, चार माणसे ऐकायची; आज ती चार लाख ऐकतात. मे २०१५ मध्ये शिर्डीत बाबासाहेबांवरील गाण्याच्या मोबाईल रिंगटोनवरून एका तरुणाचा खून झाला, हे आपण विसरलेलो नाही. तेव्हा पडद्यावरचा द्वेष पडद्यावरच राहतो, असे कुणी सांगू नये.

अॅट्रॉसिटी कायदा येथे लागतो का? लागतो, पण तो कसा लागतो हे समजून घ्यावे लागेल. कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) मध्ये सार्वजनिक दृष्टीस पडेल अशा ठिकाणी अपमान किंवा जातिवाचक शिवीगाळ ही अट आहे. जुलै २०२२ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने एका यूट्यूब वाहिनीच्या प्रकरणात स्पष्ट केले की, इंटरनेटवर टाकलेला मजकूर जेव्हा जेव्हा कुणी पाहतो तेव्हा तेव्हा पीडित व्यक्ती तेथे हजर आहे असेच मानावे लागेल. पीडित समोर नव्हता हा आरोपीचा जुना बचाव तेथे टिकला नाही. मात्र दिल्ली उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये फेसबुकच्या एका प्रकरणात सांगितले होते की, पूर्ण जातीबद्दल मोघम लिहिलेला मजकूर विशिष्ट व्यक्तीचा अपमान ठरत नाही. आणि नोव्हेंबर २०२० मध्ये हितेश वर्मा खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चार भिंतींआडच्या शिवीगाळीला सार्वजनिक दृष्टी मानले नाही. म्हणून केवळ तुम्हालाच आलेल्या खासगी मेसेजवर ही दोन कलमे टिकवणे अवघड जाते. पण २०१५ च्या दुरुस्तीने आलेली आणखी दोन कलमे आपले कार्यकर्ते विसरतात. ३(१)(यू) हे अनुसूचित जाती-जमातींविरुद्ध द्वेष पसरवण्याबद्दल आहे, तेथे एक व्यक्ती लक्ष्य असण्याची गरज नाही. ३(१)(व्ही) हे आपल्या समाजाला पूज्य असलेल्या दिवंगत व्यक्तीच्या अनादराबद्दल आहे. बाबासाहेबांची विटंबना करणाऱ्या पोस्टवर तक्रार देताना ही कलमे अर्जात लिहिली पाहिजेत, ठाणे अंमलदाराच्या मर्जीवर सोडून चालणार नाही. तक्रार घेण्यात जाणूनबुजून कसूर करणाऱ्या लोकसेवकासाठी याच कायद्यात कलम ४ आहे, हेही त्याला आदराने सांगावे.

पुराव्याचे काय? आपल्याकडे काय होते, पोस्ट दिसली की रक्त उसळते, खाली दोनशे शिव्या पडतात, मोर्चाची हाक जाते आणि संध्याकाळपर्यंत तो माणूस पोस्ट काढून टाकतो. ठाण्यात गेलेल्या कार्यकर्त्याच्या हाती एक कापलेला स्क्रीनशॉट उरतो, त्यावर ना तारीख, ना खात्याचा पत्ता. उलट आपल्या पोराने दिलेली शिवी मात्र नाव-गावासह जपलेली असते आणि आधी गुन्हा त्याच्यावर दाखल होतो. म्हणून पहिल्यांदा पूर्ण पान तारीख-वेळेसह टिपावे, त्या पोस्टची आणि प्रोफाइलची लिंक लिहून ठेवावी, व्हिडिओ असेल तर उतरवून घ्यावा, मूळ फोन जपावा. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र लागते. ते वकिलाकडून करून घ्यावे. गुन्हा कुठेही घडलेला असला तरी कोणत्याही पोलीस ठाण्यात नोंदवता येतो, ही तरतूद १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये आहे. ‘आमची हद्द नाही’ हे उत्तर ऐकून परत येऊ नये.

कायद्याची धार उलटी कशी फिरते याचाही अनुभव आहे. रामपूरचे दलित लेखक कंवल भारती यांना ऑगस्ट २०१३ मध्ये फेसबुकवरील मजकुरासाठी अटक झाली. पालघरच्या दोन मुलींना नोव्हेंबर २०१२ मध्ये मुंबई बंदबद्दल लिहिल्यावरून पकडले होते. त्या मुलींवर वापरलेले कलम ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले. रद्द झाल्यावरही पोलीस ते लावत राहिले आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला पुन्हा आदेश द्यावा लागला. तेव्हा ‘इंटरनेटवर कडक कायदा आणा’ अशी मागणी आपल्या व्यासपीठावरून करताना दहा वेळा विचार करावा. कडक कायदा आधी कुणाच्या दारात येतो, याचा इतिहास आपल्याला ठाऊक आहे.

येथपर्यंत दुसऱ्यांच्या अपराधांविषयी लिहिले. आपल्या हातून काय घडते, तेही लिहिले पाहिजे. कटू असले तरी सत्य आहे. कुठे एखाद्या मुलीवर अत्याचार झाला की दुसऱ्या तासाला तिचा फोटो, नाव, गाव, आई-बापाचे नाव आपल्याच ग्रुपवर फिरू लागते. भावना न्यायाची असते, मान्य. खैरलांजीच्या वेळी, २००६ मध्ये, प्रस्थापित वृत्तपत्रांनी सुरुवातीला डोळे मिटून घेतले होते, तेव्हा चळवळीने स्वतः माहिती पसरवली म्हणून ते प्रकरण देशासमोर आले, हेही खरे. पण लैंगिक अत्याचाराच्या पीडितेची ओळख उघड करणे हा गुन्हा आहे. पूर्वी दंड संहितेचे २२८ अ होते, आता न्याय संहितेचे कलम ७२ आहे, अल्पवयीन मुलीसाठी पोक्सोचे कलम २३ आहे. निपुण सक्सेना खटल्यात डिसेंबर २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण मृत पीडितेलाही दिले. कायदा बाजूला ठेवू. जी मुलगी वाचली आहे तिला उद्या शाळेत जायचे आहे, तिचे लग्न व्हायचे आहे. तिचा फोटो तुमच्या फोनमधून गेला की तो परत येत नाही. घटना सांगा, गाव आणि तालुका सांगतानाही तिची ओळख पटणार नाही याची काळजी घ्या, आरोपीचे नाव आणि गुन्हा क्रमांक सांगा, तपास अधिकाऱ्याला जाब विचारा. फोटोची गरज न्यायाला नसते, ग्रुपला असते.

आणि अफवा? १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना जमावाने ठेचून मारले. सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याकडची ही माणसे भिक्षा मागत फिरणारी होती. मुले पळवणारी टोळी आली आहे, असा मेसेज व्हॉट्सअॅपवर फिरत होता. मारणारे गरीब, मरणारे त्याहून गरीब. तो मेसेज ज्याने प्रथम बनवला तो मात्र आपल्या घरात सुखाने झोपला. त्याच महिन्यात कंपनीने भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. पाचाची मर्यादा कंपनीने घातली, शून्याची आपण घालू शकतो. रविवारी विहारात चौथे शील घ्यायचे, असत्य बोलणार नाही म्हणायचे, आणि सोमवारी सकाळी न वाचताच वीस ग्रुपवर ‘जास्तीत जास्त शेअर करा’ पाठवायचे, हे जमत नाही.

बाबासाहेबांच्या नावाने फिरणाऱ्या वाक्यांबद्दल तर बोलायलाच नको. १९३६ मध्ये लाहोरच्या जात-पात तोडक मंडळाने भाषणात बदल सुचवले तेव्हा एक स्वल्पविरामही बदलणार नाही असे कळवून ज्यांनी परिषदेचे अध्यक्षपद सोडले, त्यांच्या तोंडी आज कुणीही काहीही घालतो. कधी विरोधक घालतात, त्यांना मुसलमानांविरुद्ध किंवा आरक्षणाविरुद्ध उभे करायला. कधी आपलेच लोक घालतात, प्रेमापोटी. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून बाबासाहेबांचे लेखन आणि भाषणे खंडांमध्ये प्रसिद्ध केली आहेत, ती इंटरनेटवरही वाचता येतात. खंड आणि पृष्ठ नसलेले वाक्य पुढे पाठवायचे नाही, एवढा नियम एखाद्या ग्रुपच्या प्रमुखाने घातला तरी निम्मा कचरा थांबेल.

कार्यकर्त्यांसाठी एक स्वतंत्र सूचना. भीमा कोरेगावच्या १ जानेवारी २०१८ च्या हल्ल्यानंतर एल्गार परिषदेच्या प्रकरणात जे संगणक जप्त झाले, त्यांतील रोना विल्सन यांच्या संगणकाची तपासणी अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंग या संस्थेने बचाव पक्षासाठी केली. फेब्रुवारी २०२१ मध्ये बाहेर आलेल्या त्या अहवालाचे म्हणणे असे होते की, १३ जून २०१६ रोजी ओळखीच्या माणसाच्या ईमेल खात्यावरून आलेली एक फाइल उघडली गेली, तिच्यातून ‘नेटवायर’ नावाचा चोरटा प्रोग्राम आत शिरला आणि सुमारे बावीस महिने बाहेरचा कुणी तरी त्या संगणकावर ताबा ठेवून होता. ज्या पत्रांवर खटला उभा राहिला ती त्यानेच आत ठेवली. नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या संगणकाबद्दलही पुढे असाच अहवाल आला. तपास यंत्रणेने हे निष्कर्ष मान्य केले नाहीत. एल्गारबद्दल आपल्या चळवळीत मतभेद असतील, असोत. पण ओळखीच्या नावावरून आलेली फाइलही फोन करून विचारल्याशिवाय उघडू नये, हे त्यातून सगळ्यांनाच घेण्यासारखे आहे. संघटनेचे कागद आणि घरातल्या मुलांचे खेळ एकाच संगणकावर नसावेत. ईमेल आणि व्हॉट्सअॅपला दुहेरी पडताळणी लावावी. पोलीस फोन किंवा लॅपटॉप जप्त करायला आले तर झडती-जप्तीचे चित्रीकरण करण्याचे बंधन त्यांच्यावर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने घातले आहे, ते मागावे. आणि पंचनाम्यात उपकरणाची ‘हॅश व्हॅल्यू’ लिहून घ्यायला सांगावे. हॅश व्हॅल्यू म्हणजे त्या क्षणी आत असलेल्या माहितीचा आकड्या-अक्षरांतला ठसा. नंतर आत एक अक्षर जरी बदलले तरी ठसा बदलतो.

हे सगळे प्रत्येकाने एकट्याने शिकायचे का? आपल्या समाजातील कितीतरी मुले-मुली हिंजवडीत, ऐरोलीत, बंगळुरूत संगणकाच्या कंपन्यांत आहेत. जयंती मंडळे डीजेवर जेवढे खर्च करतात त्यात असे वर्ग वर्षभर चालतील, आणि खरे म्हणजे खर्चही लागणार नाही. महिन्यातून एका रविवारी वंदनेनंतर विहारात दोन तास बसावे. कुणाच्या नावावर किती सिमकार्डे आहेत ते केंद्र सरकारच्या ‘संचार साथी’वर पाहून द्यावे, नको ती बंद करायला कळवावे. आधारचे बोटांचे ठसे कुलूपबंद करून द्यावेत. म्हाताऱ्या माणसांच्या फोनमधील अनोळखी अॅप काढावेत. आणि ज्या पोराचे खाते आधीच गोठले आहे, ज्याला परराज्यातील पोलिसांची नोटीस आली आहे, त्याला टाळून पुढे जाऊ नये. खाते देताना काय सांगितले गेले, कुणी नेले, किती पैसे मिळाले, हे त्याच्याकडून तारीखवार लिहून घ्यावे. नेणाऱ्याचे मेसेज पुसू देऊ नयेत. विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्नाची अट न लागता मोफत वकील मिळतो. जातीचा दाखला आणि ती नोटीस घेऊन जिल्हा न्यायालयाच्या आवारातील प्राधिकरणाच्या कार्यालयात त्याच्याबरोबर कुणी तरी गेले पाहिजे.